गाडीच्या गुडघ्यातली गादी

गुडघे कुरकुरायला लागले की डॉक्टर एक्स-रे उजेडासमोर धरतात आणि म्हणतात, "हाडं चांगली आहेत हो, गादी झिजली आहे." गाडीचंही तसंच असतं. खड्ड्यातून जाताना पुढून 'खट्' असा आवाज येतो, स्टिअरिंग सरळ धरूनही गाडी किंचित भटकते, ब्रेक मारला की नाक एका बाजूला ओढतं. मग गॅरेजमध्ये गाडी जॅकवर चढते, मेकॅनिक चाकामागे टॉमी घालून हातभर लोखंड हलवून दाखवतो आणि निकाल देतो, "आर्म चांगला आहे, बुश गेलेत."

बुश म्हणजे दोन धातूंच्या सांध्यात बसवलेली गादी. रोजच्या गाडीत तिचा विचार करायची वेळ येत नाही. कंपनीचा बुश आणायचा, बसवायचा, विषय संपला. जुन्या स्पोर्ट्स कारच्या मालकाला मात्र दुकानात चार पर्याय दिसतात: काळं रबर, लाल-निळं-पिवळं पॉलियुरेथेन, पांढरं नायलॉन आणि त्याहून कडक असलेलं डेलरिन. शिवाय प्रत्येक पर्यायाला शपथेवर वाखाणणारे लोकही भेटतात. या गोंधळातून वाट काढायची तर एक ठरावीक गाडी समोर ठेवून बोललेलं बरं. आपण एमजीबी घेऊ.

आज आपल्याकडे एमजी म्हटलं की 2019 साली आलेली हेक्टर डोळ्यांसमोर येते. पण एमजी म्हणजे मूळची 'मॉरिस गॅरेजेस', इंग्लंडमधल्या ऑक्सफर्डची. ऑक्सफर्डजवळच्या ॲबिंग्डन गावातल्या कारखान्यात 1962 ते 1980 या काळात एमजीबी तयार होत होती. सगळे प्रकार धरून पाच लाखांहून जास्त गाड्या निघाल्या आणि त्यातल्या कितीतरी अमेरिकेला गेल्या. दोन माणसांची, छप्पर उघडणारी, 1798 सीसी इंजिनाची ही गाडी वजनाला जेमतेम टनभर. जगात आजही ती इतक्या संख्येने धावते आहे की तिचा जवळपास प्रत्येक सुटा भाग नवा मिळतो. बुशच्या निवडीचा घोळही त्यामुळेच सगळ्यात जास्त हिच्याच वाट्याला आला आहे.

आठ तुकडे रबर

एमजीबीच्या पुढच्या चाकामागे वाकून पाहिलं तर रचना सोपी दिसते. गाडीच्या रुंदीभर एक भक्कम लोखंडी तुळई आहे, तिला क्रॉसमेंबर म्हणतात. तिच्या दोन्ही टोकांना खालच्या बाजूला एकेक आडवी दांडी बोल्टने बसवलेली असते. या दांडीवर दोन लोखंडी हात, एक पुढे आणि एक मागे, बिजागरीसारखे वरखाली झुलतात. हात पुढे जाऊन चाकाजवळ एकत्र येतात, म्हणून या जोडीला विशबोन म्हणायची पद्धत पडली. वरच्या बाजूला मात्र वेगळा हात नाही. त्या काळच्या ब्रिटिश पद्धतीप्रमाणे तेलाचा शॉक ॲब्सॉर्बर वर बसवलेला आहे आणि त्याचाच दांडा वरच्या हाताचं काम करतो.

खालच्या प्रत्येक हाताच्या आतल्या टोकाला डोळा असतो. त्या डोळ्यात दोन्ही बाजूंनी टोपीच्या आकाराचे रबराचे दोन तुकडे खुपसतात, बाहेरून मोठं वॉशर लावतात आणि नट आवळतात. एका हाताला दोन, एका बाजूला चार, दोन्ही बाजूंना मिळून आठ. मुठीत मावतील इतके हे आठ तुकडे. वळणावर दोन-तीनशे किलोचा आडवा रेटा रस्त्याकडून चाकात, चाकातून हातात आणि हातातून या रबरात येतो.

हे रबर मेलं आहे की नाही हे पाहायला यंत्र लागत नाही. चाकाखालून टॉर्च मारा. दांडीचं टोक डोळ्याच्या बरोब्बर मध्यात दिसायला हवं. जुन्या गाडीत ते वरच्या कडेला टेकलेलं दिसतं. रबराची एक बाजू पापडासारखी पातळ झालेली असते, दुसरीकडे फट असते आणि वॉशरच्या कडेने रबराचा काळा भुगा सांडलेला असतो. इंजिनातून तेल गळत असेल, आणि या वयाच्या ब्रिटिश इंजिनातून ते गळतंच, तर रबर फुगून ओल्या पावासारखं झालेलं असतं.

एक मिलिमीटरचा हिशेब

इतक्याशा झिजेने एवढं काय बिघडतं? एक ढोबळ हिशेब मांडू. समजा वळणावर बुश दबला आणि खालचा हात एक मिलिमीटर आत सरकला. चाक वळवणारी स्टिअरिंगची दांडी मात्र स्वतंत्र आहे, ती जागची हललेली नाही. ही दांडी चाकाच्या आसापासून साधारण बारा सेंटीमीटरवर जोडलेली आहे असं धरलं, तर त्या एका मिलिमीटरमुळे चाक जवळपास अर्धा अंश आपोआप वळतं. टायरच्या पुढच्या आणि मागच्या कडेत मोजला तर हा फरक पाच मिलिमीटरचा होतो. व्हील अलाइनमेंट करणारा मेकॅनिक एक-दोन मिलिमीटरसाठी धडपडतो आणि मेलेला बुश पाच मिलिमीटर एका वळणात खाऊन टाकतो.

ड्रायव्हरला हे आकड्यांत कळत नाही, हाताला कळतं. स्टिअरिंग वळवल्यावर गाडी क्षणभर विचार करते आणि मग वळते. स्पोर्ट्स कारची सगळी मजा त्या एका क्षणात असते. म्हणूनच मालक मंडळी कडक बुशकडे वळतात. त्यांचा मुद्दा चुकीचा नाही, अपुरा आहे. गाडी भटकते ती बुश मऊ असल्यामुळे की मेल्यामुळे, हे आधी ठरवायला हवं. पन्नास वर्षांचं कुजलेलं रबर काढून कडक बुश घातला की फरक जाणवणारच. तसाच नवा रबरी बुश घातला असता, तर त्यातला बराचसा फरक तेव्हाही जाणवला असता.

रबर काय करतं

रबराच्या आधी इथे पितळ किंवा ब्राँझ असायचं. लोखंडाची पिन, ब्राँझचा बुश आणि मध्ये ग्रीस. म्हणजे बैलगाडीच्या आखाला वंगण घालण्याचाच प्रकार. वंगण आटलं की करकर, धूळ शिरली की झीज. त्या काळी गाडीखाली शिरून ग्रीस भरत बसणं हा मालकाचा नाहीतर त्याच्या शोफरचा ठरलेला कार्यक्रम होता. एमजीबीचं पुढचं चाक ज्याभोवती वळतं, त्या किंगपिनला आजही ग्रीसचे निपल आहेत, ही त्या जमान्याची खूण.

रबराने हा कार्यक्रम संपवला. चार्ल्स गुडइयरने 1839 साली कच्च्या रबराला गंधकासोबत तापवून टिकाऊ बनवायची युक्ती शोधली. इंग्लंडमध्ये थॉमस हॅनकॉकने त्याच वाटेने जाऊन पेटंट मिळवलं. पुढे रबर लोखंडाला कायमचं चिकटवण्याची कला साधली. धातूवर पितळेचा पातळ थर चढवायचा. रबरातलं गंधक त्या पितळेतल्या तांब्याशी बांधलं जातं आणि जोड असा पक्का होतो की ओढलं तर रबर फाटेल, पण सुटणार नाही. लेस्टर शहरातल्या मेटालास्टिक कंपनीने असे जोडीव बुश ब्रिटिश गाड्यांना पुरवले. रबराच्या ताकदीवर तिथल्या अभियंत्यांचा केवढा विश्वास बसला होता, हे 1959 च्या मिनी गाडीत दिसतं. ॲलेक्स मोल्टन यांनी तिच्यात पोलादी स्प्रिंगऐवजी रबराचे शंकूच बसवले.

जोडीव रबरी बुशमध्ये एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे: त्यात काहीही घासत नाही. आतली नळी दांडीवर घट्ट आवळलेली, बाहेरची नळी हाताच्या डोळ्यात ठोकून बसवलेली आणि मधलं रबर दोन्हींना चिकटलेलं. चाक वरखाली झालं की रबर पिळलं जातं आणि पुन्हा सरळ होतं. ओलं फडकं दोन्ही टोकांना धरून थोडं पिळावं आणि सोडावं, तसं. घर्षण नाही म्हणून ग्रीस नको, आवाज नाही, झीजही नाही.

दुसरी गोष्ट थोडी विचित्र वाटेल. रबर मऊ असतं, पण ते दबून लहान होत नाही. खोडरबर बोटांत दाबा, ते बाजूने फुगतं. त्याचं आकारमान तेवढंच राहतं, पाण्याने भरलेल्या पिशवीसारखं. आता हेच रबर दोन नळ्यांच्या मधल्या पातळ जागेत कोंडलं तर फुगायला वाव राहत नाही आणि आडव्या दाबाला ते भलतंच कडक होतं. पिळायला मात्र मऊच राहतं. सस्पेन्शनला नेमकं हेच हवं असतं: वळणाच्या रेट्यापुढे ठाम, झुलण्याला नरम. रबराचा थर किती जाड, किती लांब, कुठे पोकळी ठेवली, यावर हा तोल साधला जातो. म्हणून बुश किती कडक आहे हे नुसत्या पदार्थावरून कळत नाही, त्याच्या आकारावरूनही ठरतं.

एमजी कंपनीनेच याचा पुरावा देऊन ठेवला आहे. 1973 साली त्यांनी एमजीबीच्या बंद छपराच्या प्रकारात, म्हणजे एमजीबी जीटीमध्ये, रोव्हरचं साडेतीन लिटरचं व्ही-8 इंजिन बसवलं. ही गाडी ताशी 200 किलोमीटरच्या घरात जाणारी. 1976 पर्यंत अशा 2591 गाड्या निघाल्या. वाढलेल्या वेगासाठी कंपनीने बुश बदलला, पण पदार्थ बदलला नाही. दोन सुट्या टोप्यांऐवजी लोखंडी नळ्यांमध्ये जोडलेलं एकसंध रबर वापरलं. आठ तुकड्यांच्या जागी चार बुश आले. हा 'व्ही-8 बुश' साध्या एमजीबीत काहीही न कापता-कोरता बसतो, आणि तोही रबरच आहे.

रबराचे दोषही मोकळेपणाने सांगायला हवेत. हवेतला ऑक्सिजन आणि ओझोन त्याला हळूहळू कडक करतात, तडे पाडतात. तेल-ग्रीसशी नैसर्गिक रबराचं वैर आहे. सतत ओझं पडलं की ते बसकं होतं. आणि पेटीत ठेवलेलं रबरही म्हातारं होतं. कुठल्यातरी दुकानाच्या माळ्यावर तीस वर्षं पडलेला 'अस्सल जुना माल' हौशी लोक चढ्या भावाने घेतात, पण त्या बुशचं निम्मं आयुष्य डब्यातच संपलेलं असतं. नव्याने बनणाऱ्या रबरी बुशचा दर्जाही एकसारखा नसतो. स्वस्तातला बुश वर्षभरात चुरगळतो आणि मग मालक रबरालाच नावं ठेवतो.

रंगीत पाहुणा

पॉलियुरेथेनचा जन्म जर्मनीतल्या लेव्हरकुझेनचा. ओट्टो बायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1937 साली ते प्रयोगशाळेत बनवलं. आपल्या घरातल्या सोफ्याचा फोम, स्केटिंगची चाकं, मॉलमधल्या ट्रॉलीची चाकं ही सगळी त्याचीच भावंडं. हवा तसा मऊ-कडक, हव्या त्या रंगात हा पदार्थ बनतो, हेच त्याचं सामर्थ्य.

कडकपणा मोजायला शोअर नावाची मोजपट्टी वापरतात. तिच्या 'ए' पट्टीवर शून्य ते शंभर आकडे असतात. सस्पेन्शनचं रबर साधारण 50 ते 70 च्या आसपास येतं, पॉलियुरेथेनचे बुश 80 ते 95 मध्ये. तेल त्याला फारसं बाधत नाही, ओझोनने तडे जात नाहीत, घासलं तरी लवकर झिजत नाही. बसवायला सोपा, दोन अर्ध्या भागांत येतो आणि प्रेस न लावता हाताने आत जातो. इतकं सगळं चांगलं असताना अडचण कुठे येते?

अडचण येते झुलण्यात. पॉलियुरेथेनचा बुश कुठेही चिकटवलेला नसतो. आतली पोलादी नळी त्याच्यात फिरते, म्हणजे हा पिळणारा सांधा नाही, घासणारा सांधा आहे. ब्राँझच्या जमान्यातलं ग्रीस इथे परत आलं. म्हणून तर या बुशसोबत ग्रीसची पुडी येते. ती सिलिकॉनसारख्या चिकट ग्रीसची असते. पुडी फेकून देऊन मेकॅनिकने डब्यातलं नेहमीचं ग्रीस लावलं, किंवा काहीच लावलं नाही, की काही महिन्यांत गाडी गतिरोधकावरून जाताना जुन्या दाराच्या बिजागरीसारखी कुईकुई करते.

दुसरी अडचण अधिक खोल आहे. घासणारा सांधा एकाच आसाभोवती फिरू शकतो, दारासारखा. रबरी बुश आसाभोवती फिरतोच, शिवाय थोडा तिरकाही होतो, थोडा पुढेमागेही जातो. काही सांध्यांना या तिरक्या हालचालीची गरज असते. तिथे कडक बुश घातला तर सांधा अडकतो, आणि अडकलेला सांधा गाडीला न मागितलेली स्प्रिंग होऊन बसतो.

आपल्या हवेच्या दृष्टीने आणखी एक गोष्ट. पॉलियुरेथेनच्या दोन मोठ्या जाती आहेत, पॉलिएस्टर आणि पॉलिइथर. पहिल्या जातीला ऊब आणि दमट हवा एकत्र मिळाली की पाणी तिच्या साखळ्या तोडू लागतं आणि काही वर्षांत ती चिकट, ठिसूळ होते. जुन्या बुटांचा तळवा कपाटातच भुगा झालेला अनेकांनी पाहिला असेल, तोच हा प्रकार. मुंबई, कोकण, गोवा इथे गाडी राहणार असेल तर पॉलिइथर जातीचा बुश आहे का, हे विकणाऱ्याला विचारून घ्यावं.

टर्नरकडचं नायलॉन

याहून कडक मंडळींकडे वळू. नायलॉन 1935 साली अमेरिकेतल्या ड्यूपाँट कंपनीत वॉलेस कॅरोदर्स यांच्या हाताखाली बनलं. डेलरिन हे त्याच कंपनीचं 1960 च्या सुमाराचं अपत्य. यांचा कडकपणा शोअरच्या 'ए' पट्टीवर मावत नाही, त्यासाठी वेगळी 'डी' पट्टी घ्यावी लागते. यांना बुश म्हणण्यापेक्षा बेअरिंगच म्हणायला हवं.

आपल्या गॅरेजच्या जगात नायलॉन अनोळखी नाही. बाजारात बुश मिळेनासा झाला की आपला मेकॅनिक नायलॉनचा दांडा घेऊन टर्नरकडे जातो आणि तासाभरात लेथवर बुश उतरवून आणतो. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातली पद्मिनी मुंबईत 2023 पर्यंत टॅक्सी म्हणून टिकली, त्यामागे असल्या जुगाडांचा वाटा मोठा. गाडी चालती ठेवायला हा उपाय उत्तम आहे. पण माप काढताना एक सापळा असतो. नायलॉन पाणी पितं. बुडवून ठेवलं तर वजनाच्या आठ-नऊ टक्क्यांपर्यंत पाणी शोषतं आणि फुगतं. मे महिन्यात लेथवर अगदी बरोबर बसवलेला बुश जुलैत पिन घट्ट धरतो. डेलरिन पाणी फार कमी शोषतं, म्हणून तिथे ते अधिक भरवशाचं.

रेसच्या गाडीत याहून पुढे जातात. बुशच काढून टाकतात आणि गोल गोळीचा धातूचा सांधा बसवतात. तिरकी हालचाल मोकळी, दाबलं जाणं शून्य. स्टिअरिंग धारदार होतं. पण धूळ शिरली की तो गोळा काही हजार किलोमीटरमध्ये खुळखुळू लागतो आणि रस्त्यावरचा प्रत्येक खडा दाताच्या मुळापर्यंत पोचतो.

आवाज आणि हादरा हा नुसता आरामाचा प्रश्न नाही. बुश जो धक्का पचवत नाही, तो नाहीसा होत नाही, तो पुढे सरकतो. एमजीबीला वेगळी चॅसी नाही, पत्र्याची बॉडीच सगळं ओझं पेलते. मागच्या स्प्रिंगचे पाटे जिथे बॉडीला टांगलेले असतात, त्या जागा आणि दारांखालचे खोके हीच या गाडीची गंजायची ठिकाणं. पन्नास वर्षांच्या, आतून गंजलेल्या पत्र्यावर कडक बुशमधून घाव घालत राहिलं तर खर्च बुशचा राहत नाही, वेल्डिंगचा होतो.

सांध्याला विचारून

मग ठरवायचं कसं? रबर चांगलं की पॉलियुरेथेन, हा प्रश्नच बाजूला ठेवू. प्रत्येक सांध्यापाशी थांबून विचारू: हा सांधा कसा हलतो?

पुढच्या खालच्या हातापासून सुरुवात करू. इथे दोन्ही हात एकाच सरळ दांडीवर झुलतात, दाराच्या दोन बिजागऱ्यांसारखे. तिरकी हालचाल जवळजवळ नाही. म्हणून पॉलियुरेथेनला ही जागा मानवते, ग्रीस नीट भरलेलं असलं तर. डेलरिनही इथे चालतं. व्ही-8 चा रबरी बुश मात्र बिनदेखभालीचा आणि शांत. जुन्या सुट्या टोप्यांचा बुश, गाडी प्रदर्शनासाठी अस्सल ठेवायची असेल तरच.

आता मागे जाऊ. एमजीबीच्या मागे अखंड ॲक्सल आहे आणि दोन बाजूंना पाट्यांची स्प्रिंग. पाट्याचं पुढचं टोक बॉडीला थेट जोडलेलं, मागचं टोक एका झुलत्या कडीवर, म्हणजे शॅकलवर. खड्डा आला की पाटा सपाट होतो, सपाट झाला की लांब होतो, आणि ती लांबी शॅकल झुलून सामावून घेतो. एवढंच असतं तर इथेही कडक बुश चालला असता. पण गाडी वळणावर कलते तेव्हा ॲक्सलचं एक टोक वर आणि एक खाली जातं आणि दोन्ही पाटे आपल्या लांबीभोवती पिळले जातात. त्या वेळी डोळ्यातल्या बुशला तिरकं व्हावं लागतं. रबर ते निमूटपणे करतं. कडक बुश नकार देतो. मग गाडीची मागची बाजू कलायला विरोध करू लागते, जणू मागे कलणं रोखणारा एक दांडा, म्हणजे अँटी-रोल बार, बसवला आहे. मागचा विरोध वाढला की ओल्या वळणावर गाडीची शेपटी आधी सुटते. पुढे स्टिअरिंग छान वाटावं म्हणून मागवलेला 'संपूर्ण संच' मागे असा उलटतो. पाट्यांच्या पुढच्या डोळ्यात रबरच हवं. शॅकलमध्येही रबर, फार तर मऊ जातीचं पॉलियुरेथेन.

अँटी-रोल बार ही पॉलियुरेथेनची हक्काची जागा. तो बार बॉडीला पट्ट्यांनी धरलेला असतो, त्या पट्ट्यांखालच्या बुशचं काम एवढंच की बार फिरू द्यायचा आणि उचलू द्यायचा नाही. इथलं मऊ रबर दबतं तेवढा वेळ बार कामालाच लागत नाही. खर्चाच्या मानाने इथे सगळ्यात जास्त फायदा मिळतो.

आणि एक जागा सहसा कुणाच्या यादीत नसते. तो सगळा क्रॉसमेंबरच बॉडीला रबरी चकत्यांवर बोल्टने बसवलेला आहे. हाताचे बुश डेलरिनचे घातले आणि या चकत्या तशाच कुजक्या राहिल्या, तर दार नवं आणि चौकट ढिली अशी गत होते. काही जण इथे ॲल्युमिनियमच्या चकत्या घालतात. रेससाठी ठीक, रस्त्यावर नव्या रबरी चकत्याच बऱ्या, कारण इंजिनाची थरथर आणि रस्त्याची घरघर तिथेच अडते.

एक इशारा 1974 नंतरच्या गाड्यांबद्दल. अमेरिकेच्या नियमांसाठी एमजीबीला काळे रबरी बंपर आले आणि गाडी इंचभर उंच केली गेली. उघड्या छपराच्या गाड्यांचा पुढचा अँटी-रोल बारही काही काळ काढून टाकला होता, तो 1977 च्या मॉडेलमध्ये परत आला. अशी गाडी वळणावर होडीसारखी कलते आणि मालक बुशला दोष देतो. जगातला कुठलाही बुश ती इंचभर उंची कमी करू शकत नाही.

नट आवळण्याची वेळ

चांगला बुश चुकीचा बसवला तर साध्या बुशपेक्षाही लवकर मरतो. रबरी बुश आत घालताना तेल किंवा ग्रीस लावू नये, साबणाचं पाणी लावावं. ते वाळून जातं, रबराला खात नाही. जुना बुश काढायला गॅसची ज्योत लावायची सवय अनेक ठिकाणी आहे. पॉलियुरेथेन जळताना विषारी वायू सुटतात, तेव्हा तिथे करवत आणि प्रेसच बरी.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट शेवटच्या नटाची. गाडी जॅकवर आहे, चाकं हवेत लोंबकळत आहेत, हात पार खाली झुकले आहेत. हाताशी पाना आहेच, म्हणून मेकॅनिक तिथेच नट कचकचून आवळतो. रबरी बुशच्या बाबतीत त्या क्षणी काय झालं? आतली नळी दांडीला जखडली, आणि रबराने ती लोंबकळती अवस्था हीच आपली सरळ अवस्था मानली. आता गाडी खाली उतरवली की हात समजा 15 अंश वर येतो. आतल्या नळीची त्रिज्या 8 मिलिमीटर धरली तर रबराची आतली कड दोन मिलिमीटरहून थोडी जास्त पिळली जाते. रबराचा थर पाचेक मिलिमीटरचा. म्हणजे गाडी नुसती अंगणात उभी असतानाही तो बुश रात्रंदिवस पिळलेल्या फडक्यासारखा ताणलेला. वर खड्ड्याचे धक्के वेगळे. दहा वर्षं टिकणारं रबर मग दोन वर्षांत फाटतं आणि खापर कंपनीवर फुटतं.

उपाय बिनखर्चाचा आहे. नट हाताने बसते करावेत, गाडी चाकांवर उतरवावी, पुढून-मागून दोनदा दाबून तिला तिच्या नेहमीच्या उंचीवर बसू द्यावं आणि मग खाली शिरून नट शेवटचे आवळावेत. रॅम्पवर गाडी चढवून केलं तर पाठही वाचते. पॉलियुरेथेनच्या बुशला हा नियम लागू नाही, कारण तो पिळतच नाही. पण रबराला तो लागूच आहे, मग ती एमजीबी असो, दारातली मारुती असो की गावाकडची जीप.

तेव्हा रस्त्यावर चालवायच्या एमजीबीसाठी निकाल असा: पुढच्या हातांना व्ही-8 चे रबरी बुश, पाट्यांना रबर, क्रॉसमेंबरखाली नव्या रबरी चकत्या, अँटी-रोल बारला पॉलियुरेथेन. महिन्यातून एकदा ट्रॅकवर जाणाऱ्याने पुढच्या हातांना पॉलियुरेथेन घालावं आणि ग्रीसचा डबा जवळ ठेवावा. आणि कुणीही, काहीही घातलं तरी, पुढच्या वेळी गॅरेजमध्ये बुश बदलताना उभे राहा आणि एकच प्रश्न विचारा: "शेवटचा नट गाडी खाली उतरवून आवळणार ना?"